जास्तीची नळी

"तो हार काढा आधी, भावोजी. मी जिती हाय अजून."

आनंदीबाई हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कमलाकरने स्टुलावर फोटो मांडून त्याला नुकताच झेंडूचा हार घातला होता. फोटो वरंधच्या एका लग्नातला होता. आठ-दहा बायका दाटीवाटीने उभ्या होत्या आणि मागच्या रांगेत, कुणाच्या तरी खांद्याआड निम्मी झाकलेली त्याची बायको चारुलता तोंडभर हसत होती. तिच्या गळ्यात हात टाकून उभी असलेली बाई म्हणजे तिची थोरली बहीण, याच आनंदीबाई.

"ही शर्मिला पण जिती. आन् ती तुळजाबाई तर परवा बाजारात भांडत होती कोळणीशी. सगळ्यांना हार घालून मोकळे झालात तुम्ही."

"मग काय करू, आक्का? एकटीचा फोटो हाये कुठं?"

"एक फूल लावा तिच्या डोक्यावर. तेवढं पुरं."

कमलाकरने हार काढला. त्यातले एक फूल तोडून ते चौकटीच्या वरच्या कडेला, बरोबर चारुलताच्या डोक्यावर येईल असे खोचले. मग दोन पावले मागे सरून पाहिले. फूल जरा शर्मिलाकडे झुकले होते. त्याने ते सरळ केले.

चारुलता करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, एप्रिलमध्ये. जुलैत सावित्रीचे पाणी महाडात शिरले. या घरातही ते माळ्याला टेकले. पाणी उतरल्यावर राहिला तो गुडघाभर चिखल. लग्नाचा अल्बम, साड्यांची ट्रंक, तिचा फोन, तिने भरलेल्या लोणच्याच्या बरण्या, सगळे त्या चिखलात गेले. नंतर नातेवाइकांनी फोटो पाठवले, पण चारुलता कधी एकटी उभीच राहिली नव्हती. फोटोवाल्याने या लग्नाच्या फोटोतून तिचा चेहरा कापून मोठा करून दिला, तर तो धुरकट आला आणि आनंदीबाईंचा पंजा मात्र खांद्यावर स्वच्छ दिसू लागला. कमलाकरने पैसे देऊन तो घरी आणला आणि कपाटावर पालथा ठेवून दिला.

आज अविधवा नवमी होती. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने या दिवशी एका सवाष्णीला पाटावर बसवून जेवू घालतात आणि तिची ओटी भरतात. त्यासाठी आनंदीबाई पहाटेच्या गाडीने वरंधहून आल्या होत्या. वडे, खीर, लाल भोपळ्याची भाजी, अळू, आमसुलाची चटणी, सगळे त्यांनी एकटीने केले. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली होती, त्यामुळे पाटावर त्या बसू शकत नव्हत्या. सवाष्ण म्हणून शेजारच्या शर्मिलाला सांगून ठेवले होते.

तेवढ्यात शर्मिलाचाच फोन आला. "भाऊ, कालपासून अंग तापलंय माझं, नाक गळतंय. मी नको यायला ना?"

"नको, नको. झोपा तुम्ही," कमलाकर म्हणाला. त्या वर्षापासून या आळीत तापाशी कुणी हुज्जत घालत नसे.

"घ्या," आनंदीबाई म्हणाल्या. "आता ऐन टायमाला सवाष्ण कुठून आणू? पान वाढायला झालंय सगळं."

फाटकाची कडी वाजली. दारात तिशीच्या आतबाहेरची एक मुलगी उभी होती. पाठीला सॅक, हातात छत्री, चपलांना लाल चिखल.

"सकपाळकाका? मी डॉक्टर अनुपमा. परवा फोन केला होता."

कमलाकरच्या लक्षात आले. परवा फोन आला होता खरा. कुठल्याशा तपासणीबद्दल, चारुलताच्या नावाने काही बोलायचे आहे असे ती म्हणाली होती. तो "या केव्हाही" म्हणाला आणि विसरून गेला. तो तसाच होता, कुणाला नाही म्हणणे त्याला जमत नसे. तीसेक वर्षे त्याने महाडच्या एसटी स्टँडवर कंट्रोलरचे काम केले, पण लोकांनी कितीही शिव्या घातल्या तरी तो माइकवर त्याच आवाजात सांगायचा, गाडी येत आहे, कृपया थांबावे. घरी आला की मात्र तोंडातून शब्द निघत नसे. चारुलता म्हणायची, "सगळा आवाज स्टँडवर सांडून येता नि घरी आणता रिकामी बाटली." मग तीच दोघांच्या वाटणीचे बोलायची. मूलबाळ नव्हते, पण घरात बोलणे कधी कमी पडले नाही.

अनुपमा खुर्चीवर बसली. तिने फोटोकडे पाहिले, फुलाकडे पाहिले, आणि स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाने बहुतेक तिला समजले. "मी चुकीच्या दिवशी आले का?"

"दिवस चांगला हाय," कमलाकर म्हणाला. "बोला."

ती सावकाश, शब्द शोधत बोलू लागली. ती महाडचीच. त्या एप्रिलमध्ये नुकतीच डॉक्टर होऊन घरी आली होती आणि गावातल्या कोविड सेंटरमध्ये मदतीला उभी राहिली होती. मुंबईच्या एका कॉलेजसाठी तिथल्या पेशंटचे रक्त गोळा होत होते. दाखल झाल्याच्या पहिल्याच दिवशी, पेशंटच्या परवानगीने. ते बर्फाच्या पेटीतून मुंबईला जायचे. आता ती त्याच कॉलेजात संशोधन करत होती.

"काकूंचं रक्त अजून आहे आमच्याकडे," ती म्हणाली. "एक नळी. एवढीशी." तिने करंगळीचे पेर दाखवले.

दारातल्या आनंदीबाईंनी झारा खाली ठेवला.

"आमच्या चारूचं रगत?"

"हो. फ्रीजमध्ये. खूप थंड असतं तिथं, उणे ऐंशी. म्हणून टिकलं."

"इथं घरात तिची टिकली राहिली नाय," आनंदीबाई म्हणाल्या, "नि रगत राहिलं?"

"तेव्हा काकूंनी एका तपासणीसाठी परवानगी दिली होती, ती होऊन गेली. आता मला दुसरी करायची आहे. त्यासाठी घरच्यांना विचारल्याशिवाय नळी उघडता येत नाही. म्हणून मी घरोघर फिरतेय. इथून पोलादपूरला जाणार आहे, तिथंही एक घर आहे."

"कसली तपासणी?" कमलाकरने विचारले.

"आपल्या शरीरातला प्रत्येक अवयव रक्तात काहीतरी सोडत असतो, काका. बारीक बारीक रेणू. निरोप म्हणा हवं तर. यकृत सोडतं, स्नायू सोडतात, हृदयसुद्धा सोडतं. चरबीपण."

"चरबी?"

"चरबी नुसता साठा नसते. तोही एक अवयवच आहे. तिच्या एका निरोपाने मेंदूला कळतं की पोटात भरपूर आहे, आता खाणं थांबव. दुसऱ्या एखाद्याने शरीराचे रक्षक भडकतात, तिसऱ्याने शांत होतात. विषाणू फुप्फुसात शिरला की हे निरोप बदलतात. कुणाचे कमी होतात, कुणाचे नको तितके वाढतात. पहिल्या दिवशी ज्यांची तब्येत एकसारखी दिसत होती, त्यातले काही आठवड्यात घरी गेले आणि काही..." ती थांबली. "त्या पहिल्या दिवशी त्यांच्या रक्तात कुठले निरोप फिरत होते, ते मला बघायचंय. पुढे असा एखादा आजार आला, तर दारातच ओळखता येईल का, कुणाला लगेच मोठ्या दवाखान्यात हलवायचं ते."

कमलाकर फरशीकडे बघत होता. चारुलता पहिल्या दिवशी चालत गेली होती. रिक्षातून उतरून, पदर खोचून, पायऱ्या चढून. वर जाऊन हात हलवला आणि ओरडून सांगितले, दूध तापवून ठेवा, नासेल. चार दिवसांनी तिच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता आणि तिला एक शब्द बोलता येत नव्हता. त्याने तिला पाहिले ते काचेतून. त्यानंतर पाहिले ते पिशवीतच. हिरवी साडी नाही, मळवट नाही, ओटी नाही. खांदा द्यायलाही कुणाला जवळ जाऊ दिले नाही.

"एक विचारू?" तो म्हणाला. "ती अंगानं जड होती. लोक म्हणाले, त्यामुळंच गेली. चरबीनं मारलं का तिला?"

"असं एकट्या चरबीवर नाही घालता येत," अनुपमा म्हणाली. "जाड माणसांना धोका जास्त होता, हे खरं आहे. पण काकूंसारख्याच कितीतरी बायका बऱ्या होऊन घरी गेल्या, आणि काही सडपातळ माणसं गेली. का, ते मला अजून नीट माहीत नाही. खोटं कशाला सांगू. माहीत असतं तर इथं आले नसते."

हे उत्तर कमलाकरला आवडले. गाडी कुठे आहे ते माहीत नसेल, तर तोही माइकवर तसे सांगायचा. येईलच म्हणून कधी सांगितले नाही.

"तपासणी करून झाली की नळी परत द्या मंग," आनंदीबाई मधेच म्हणाल्या. "सावित्रीत सोडू आम्ही. तिचं कायच सोडलं नाय नदीत. राख पण दुसऱ्यांनीच आणून दिली, ती तिचीच होती का कुणाची, देवाला ठावं."

"आजी, तपासणीत ते संपून जाईल. उरणार नाही काही. आणि न उघडताही परत देता येत नाही, आजाराचं रक्त आहे ते. बाहेर देत नाहीत."

"आणि मी नाही म्हणालो तर?" कमलाकरने विचारले.

"तर नळी आहे तशीच राहील."

"किती वर्षं?"

"सांगता येत नाही. दहा, पंधरा... फ्रीज चालू आहे तोवर."

"म्हणजे माझ्यापेक्षा जास्त."

अनुपमा हसली नाही.

बाहेर एक रिक्षा पाणी उडवत गेली. मग कमलाकर म्हणाला, "राहू दे मग तिथंच. नाय उघडायची. रागवू नका, डॉक्टर. एवढंच राहिलंय तिचं. कुठंतरी हाय, एवढं माहीत असलं तरी बास मला."

"राग कसला, काका." अनुपमाने बाहेर काढलेला कागद दुमडून सॅकमध्ये ठेवला आणि ती उठली. "बरं, येते मी."

"येते काय?" आनंदीबाई दार अडवून उभ्या राहिल्या. "नवमीच्या दिवशी जेवायच्या वक्ताला आलेलं माणूस उपाशी धाडू? ह्या घरातनं? चारू वरनं मला शिव्या घालील. लगीन झालंय का गो तुझं?"

"नाही."

"अरे देवा." त्यांनी कपाळाला हात लावला. "झालं असतं तर पाटावरच बसवली असती. सवाष्ण लागते गो, नायतर पान कुणाच्या नावानं वाढायचं?"

"ठरलं बिरलं पण नाय का?" त्यांनी अजून एक प्रयत्न करून पाहिला.

"आईला विचारा. ती रोज विचारते."

कमलाकर उठून पाटाजवळ गेला. पाट सरळ करत म्हणाला, "आक्का, चारुलता जेवायला वाढताना कुणाला विचारायची का, तुझं लग्न झालंय का म्हणून?"

"नाय," आनंदीबाई म्हणाल्या. थोडा विचार करून पुन्हा म्हणाल्या, "नाय विचारायची. पोस्टमनला पण बसवायची." मग त्यांनी पाण्याचा तांब्या भरला. "बस गो. हातपाय धुऊन ये. पाटावरच बस. माझ्या बहिणीचं पान हाय, मी बघून घेईन काय ते."

अनुपमा पाटावर बसली. आनंदीबाईंनी तिला कुंकू लावले आणि वाढायला घेतले. वड्यावर वडा पडत गेला. नको म्हणायला तिने पानावर आडवा धरलेला हात आनंदीबाई खुशाल बाजूला सारत होत्या.

"खा गो. हाडं दिसतात मनगटाची. तुझं रगत काढायला कुणाला तरास नाय व्हायचा."

"तिचं मात्र कुणाला निघायचं नाही," कमलाकर म्हणाला. तो समोर बसून जेवत होता आणि आज त्याला बोलावेसे वाटत होते. "साखर तपासायला न्यायचो ना, तर टोचून टोचून ती नर्स रडकुंडीला यायची. दंडाला शीर सापडायचीच नाही. मग हीच शिकवायची त्यांना, की..."

"मनगटाच्या मागं बघ," अनुपमा म्हणाली.

कमलाकरचा घास हातातच राहिला.

अनुपमाने पानातला हात काढून घेतला होता. ती फोटोकडे बघत होती. "मनगटाच्या मागं बघ, अंगठ्याच्या अंगाला, तिथं सगळ्यांना सापडते. काकू होत्या त्या?"

"तुम्हीच काढलं होतं रक्त?"

"नावं कुठं माहीत होती तेव्हा, काका. खाटेचे नंबर होते. आणि तोंडं झाकलेली, त्यांचंही, माझंही." ती भरभर बोलू लागली, जेवणाआधीची डॉक्टर जणू बाहेर गेली होती. "माझा पहिला आठवडा होता. त्या प्लास्टिकच्या कपड्यात घामानं काही दिसत नव्हतं. दोनदा टोचलं, शीर मिळेना. मला रडू आलं. तर त्या म्हणाल्या, तू कशाला रडतेस गो, सुई मला टोचतेय."

आनंदीबाई पाटाजवळ येऊन बसल्या. "चारूच ती. दुसरी कोण?"

"आणि मग मनगट पुढं केलं. एका फटक्यात निघालं. त्यांनी विचारलं, हे कशाला घेतेस? मी म्हटलं, आजाराचा अभ्यास करायचाय, तुम्हाला याचा काही उपयोग नाही, पण पुढच्यांना होईल. तर म्हणाल्या, मग जरा जास्त घे की. आता शीर सापडली आहे तर परत कशाला शोधत बसतेस."

तिने पाण्याचा एक घोट घेतला.

"मी दोन नळ्या घेतल्या. इथल्या बाकी बहुतेकांची एकेक होती, ती पहिल्या तपासणीतच संपली. ज्यांच्या शिल्लक आहेत असे इथले थोडेच जण आहेत. यांची दुसरी का आहे, ते आमच्याकडे कुठं लिहिलेलं नाही. मी पण विसरले होते. आत्ता आठवलं."

"अजून काय म्हणाली?" कमलाकरने विचारले. त्याचा आवाज माइक बंद पडल्यासारखा आला.

"निघताना विचारलं, जेवलीस का?"

"मग?"

"मी हो म्हटलं. जेवले नव्हते." अनुपमाने मान खाली घातली आणि खिरीची वाटी उचलली.

इतक्या वर्षांत चारुलताचा एकही नवा शब्द या घरात आला नव्हता. होते तेच शब्द कमलाकर पुन्हा पुन्हा वापरत आला होता. दूध तापवून ठेवा, नासेल. हा त्याच्याकडचा शेवटचा. आता त्याच्यानंतरचे शब्द आले होते. ते त्याच्यासाठी नव्हते, एका रडणाऱ्या मुलीसाठी होते. पण म्हणूनच ते अगदी तिचे होते.

आनंदीबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि लगेच अनुपमाच्या पानात आणखी एक वडा टाकला. "तवा नाय जेवलीस ना, मग आता खा."

जेवण झाल्यावर त्यांनी तिच्या ओंजळीत नारळ आणि खण ठेवला. "लगनात शिव ह्या खणाचं काय ते."

पोलादपूरची गाडी पकडून द्यायला कमलाकर तिच्याबरोबर स्टँडवर गेला. रिटायर झाल्यावरही तो रोज दुपारी इथे येऊन बसायचा. ओळखीचे कंडक्टर हात करत, कँटीनवाला न विचारता चहा पाठवत असे. माणसे येतात, आपापल्या गाडीत बसून जातात. ते बघत बसण्यात त्याची दुपार बरी जाई.

केबिनच्या खिडकीतून नवा कंट्रोलर धम्मपाल खोकत बाहेर डोकावला. नाकाला रुमाल होता. "साहेब, बरं झालं आलात. घसा पार गेलाय माझा. सर्दी हाय गावात. पोलादपूर लागलीय, तेवढं सांगा ना."

"तू लांब हो आधी," कमलाकर म्हणाला. त्याने माइक रुमालाने पुसून हातात घेतला. "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. महाडहून पोलादपूरकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे."

बाकांवरची काही माणसे उठली. बाकीची बसून राहिली. एक म्हातारा डुलकी घेत होता, त्याचे डोळेही उघडले नाहीत. त्याला पाचाडला जायचे असावे.

अनुपमा ते बघत होती. कमलाकर बाहेर आला तेव्हा ती म्हणाली, "काका, ते निरोप तुम्ही विचारत होता ना. ते असेच असतात. रक्तातून सगळीकडे जातात, पण ज्याच्यासाठी असतात तोच उठतो."

कमलाकरने बाकांकडे पाहिले. "आणि गणपतीच्या आदल्या दिवशी काय होतं, माहितीय? मुंबईच्या जादा गाड्या एकदम येतात. आम्ही तीन-तीन जण ओरडत असतो. कुणाचं काय कुणाला कळत नाही. सगळेच उठतात, सगळेच एका दाराशी. दारच बंद पडतं. गाडी उभी असते, पण आत कुणी जाऊ शकत नाही."

"फुप्फुसात जवळजवळ तसंच होतं," ती म्हणाली. "रक्षकच इतके गोळा होतात की हवेला जागा राहत नाही. आणि ओरडणाऱ्यात कोण होतं, गप्प करणारा कोण कमी पडला, ते मला त्या पहिल्या दिवसात शोधायचंय. हे मी मुंबईत सांगितलं तर चालेल? गणपतीच्या गाड्यांचं?"

"सांगा की. नाव नका घेऊ डेपोचं."

ती हसली. कंडक्टरने घंटी मारली. ड्रायव्हर चहाचा शेवटचा घोट उभ्यानेच घेत होता. अनुपमाने सॅक खांद्यावर टाकली, तसा कमलाकर म्हणाला, "तो कागद काढा."

"काका, घाई नाही. विचार करून कळवा. तुम्ही म्हणालात ते मला पटलंय."

"मी म्हणालो ते माझं होतं. ती काय म्हणाली ते मला कुठं माहीत होतं तेव्हा?" त्याने खिशातले पेन काढले. "जास्त घे म्हणाली ना? ठेवून दे, असं नाही म्हणाली. मग मी मधे कोण?"

त्याने बाकावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली. खाली नाते लिहायचे होते. त्याने पती असे लिहिले. कितीतरी दिवसांनी तो शब्द लिहायची वेळ आली होती.

"एक करा," कागद परत देताना तो म्हणाला. "ज्या दिवशी नळी उघडाल, त्या दिवशी सकाळी फोन करा. आधी. नंतर नको."

"करीन."

गाडी वळली. खिडकीतून तिने नारळ धरलेला हात हलवला. मागून धम्मपाल बसक्या आवाजात म्हणाला, "साहेब, कोण होती?"

"आमच्या हिच्या ओळखीची," कमलाकर म्हणाला.

फोन माघात आला, सकाळी. आदल्या दिवशी तिने मेसेज केला होता, त्यामुळे आनंदीबाई वरंधहून येऊन राहिल्या होत्या. दोघे सावित्रीवर गेले. आनंदीबाईंनी हिरवा खण, नारळ, हळदकुंकू आणि मूठभर तांदूळ आणले होते. जे त्या एप्रिलमध्ये द्यायचे राहिले, ते सगळे. पाणी उतरलेले होते, स्वच्छ होते, खालचे गोटे दिसत होते. याच नदीने घर धुऊन नेले होते, हे दोघांनाही आठवले, पण कुणी तिला बोल लावला नाही. कमलाकर फोन कानाला लावून उभा होता. पलीकडून अनुपमा म्हणाली, "काका, आता उघडतेय." त्याने मान हलवली. मग आठवून तोंडाने म्हणाला, "हं." आनंदीबाईंनी ओटी पाण्यात सोडली. नारळ थोडा वेळ काठालाच घोटाळला आणि मग प्रवाहाला लागला.

"जाताना पण चार घरी थांबूनच जायची ती," आनंदीबाई म्हणाल्या.

त्यानंतर पुष्कळ दिवसांनी, शिमगा होऊन गेल्यावर, अनुपमाने फोनवर एक चित्र पाठवले. आनंदीबाई बाजाराला आल्या होत्या आणि दोघे स्वयंपाकघरात चहा घेत होते. चित्रात एक आडवी रेघ होती, एक उभी, आणि मधे भरपूर ठिपके. खाली तिने लिहिले होते, काम अजून सुरू आहे, नक्की काही सांगायला वेळ लागेल, पण काकू यात आहेत.

आनंदीबाईंनी चष्मा लावला. "ह्यातली चारू कुठली?"

"ते नाही कळत. नावं काढून टाकतात सगळ्यांची. तिला स्वतःलाही सांगता येत नाही."

"असं कसं?" त्यांनी फोन जवळ ओढला. ठिपके नीट पाहिले. एका बाजूला काही ठिपके विखुरलेले होते, लांब लांब, एकेकटे. मधे मात्र गर्दी होती. आनंदीबाईंनी त्या गर्दीतल्या, दुसऱ्या एका ठिपक्याआड निम्म्या झाकलेल्या ठिपक्यावर बोट ठेवले. "ही."

"कशावरून?"

"घोळक्यात हाय. मागच्या रांगेत. लांब एकटी बसल होय ती?"

कमलाकरने स्टुलावरच्या फोटोकडे पाहिले. चौकटीतले नवमीचे फूल वाळून कधीच पडले होते, तरी त्याला जागा बरोबर ठाऊक होती.

आनंदीबाईंनी बोट उचलायला हवे होते तेव्हा ते दाबले, दुसरे बोटही लागले, आणि चित्र एकदम मोठे झाले. बाजूचे ठिपके सरकत काचेबाहेर गेले. मधे एकच राहिला, टपोरा, गोल.

"अगो बाय, काय झालं हे? बाकीच्या कुठं गेल्या?"

"आहेत, आक्का. बाजूलाच आहेत."

त्याने चित्र लहान केले नाही. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आपला कप जवळ ओढला. काचेवरचा उजेड मंद व्हायला लागला की तो हलकेच बोट लावायचा. चहा संपेपर्यंत त्याने तो विझू दिला नाही.